चाक्याची मावशी

भोंगा कुणाच्या कानात काही सांगते तेव्हा ते वरच्या मजल्यालाही कळतं. भोंगा हे तिला कामावर पडलेलं नाव, पण यात तिचा काही दोष नाही. जिचं अर्धं आयुष्य लाँड्रीच्या हॉलमध्ये गेलं, तिला हळू आवाज कुठून माहीत असणार? आणि लाँड्री म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. आमच्या इथे हॉस्पिटलांच्या आणि हॉटेलांच्या चादरी येतात, गाड्या भरभरून. माणूस आत बसेल एवढी धुण्याची यंत्रं, बाजूला ड्रायरची रांग, मधोमध तापलेला रोलर. एका बाजूने दमट चादर सारायची, दुसऱ्या बाजूने ती पापडासारखी कडक होऊन बाहेर येते. मागे बॉयलर, दिवसभर कुणावर तरी डूख धरल्यासारखा फुसफुसत असतो.

या गोंगाटात नवीन आलेली बाई पहिल्यांदा एकच गोष्ट शिकते, की इथे हाक मारायची नाही. घसा फाटला तरी ती पोचत नाही. पाय आपटायचा, फरशीतून समोरचीच्या तळव्याला कळतं. नाहीतर सरळ जाऊन मनगट धरायचं आणि काम असेल तिथे ओढत न्यायचं. बाकी सगळा कारभार डोळ्यांनी आणि ओठांनी. वर्षानुवर्षं शेजारी उभ्या राहिलेल्या बायकांना एकमेकींची नावं नीट ठाऊक नसतात, पण कुणाचं डोकं दुखतंय आणि कुणाचं घरी वाजलंय हे भुवईवरून कळतं.

भोंगा घडीवर आहे, आणि तिची धाकटी बहीण तिच्यासमोर. मोठ्या चादरीची घडी एकटीचं काम नाही. चार टोकं, दोन बायका. डोळ्याला डोळा द्यायचा, हनुवटी वर गेली की ओढायचं, पापणी मिटली की सैल सोडायचं, मग चालत यायचं एकमेकींकडे, टोकाला टोक लावायचं, परत मागे. नजर चुकली की घडी चुकली. मुकादम म्हणतो, "तुम्ही दोघी एकमेकींकडे जेवढं बघता तेवढं माझ्या बायकोने माझ्याकडे लग्नातही बघितलं नाही."

"बघण्यासारखं असेल तर बघेल ना," असं भोंगा नुसत्या ओठांनी म्हणते, आणि ते रोलरच्या त्या टोकापर्यंत सगळ्यांना कळतं.

आई गेली तेव्हा धाकटी शाळेत होती. भोंगाने तिला वाढवलं, याच हॉलच्या पगारावर. स्वतःचं लग्न केलं नाही. एकदा स्थळ आलं होतं. मुलाच्या आईने विचारलं, "आवाज जरा कमी करता येईल का?" भोंगाने विचारलं, "तुमचे कान जरा कमी करता येतील का?" विषय संपला. हॉलमध्ये वाफ बाहेर खेचणारा पंखा नव्हता तेव्हा ही बाई मॅनेजरच्या दारात जाऊन उभी राहिली. बसा म्हणाले तर बसली नाही, जा म्हणाले तर गेली नाही. पंखा बसला. भांडण हा तिचा स्वभाव आहे असं लोक म्हणतात. मी म्हणते ते तिचं अवजार आहे. दुसरं तिला कुणी दिलंच नाही.

आता चाक्या. हा धाकटीचा मुलगा. घरचं नाव वेगळं आहे, ते घरात राहू दे. घरी सासूबाईंचे गुडघे धरलेले, नवरा लाँड्रीचीच गाडी चालवतो, तो दिवसभर रस्त्यावर. म्हणून धाकटी पोराला कामावर आणायची. घडीच्या कोपऱ्यात एका ट्रॉलीत स्वच्छ टॉवेल टाकून त्याला बसवायची. ट्रॉलीत तो थोडा वेळ बसे, मग खाली उतरून शेजारच्या रिकाम्या ट्रॉलीचं चाक फिरवत राही. गालाजवळ चाक, डोळे तिरपे. पार तंद्री. म्हणून चाक्या.

पोर म्हणजे हॉलचा लाडका. रडत नाही, हट्ट नाही, कुणाच्या मागे मागे नाही. यंत्रांच्या धडधडीत खुशाल झोपतो. आणि त्याची एक गोष्ट तर सगळ्यांना भारी कौतुकाची. पाणी हवं असलं की तो जी बाई जवळ असेल तिचं मनगट धरायचा, तिला नळापर्यंत ओढत न्यायचा आणि तिचा हात उचलून नळावर ठेवायचा. अगदी आमच्यासारखा! रोलरवर चादर सारणाऱ्या काकू, हॉलमधल्या सगळ्यात जुन्या, छातीवर हात मारून सांगायच्या, "हा बोलायच्या आधी कामाला लागलाय. जन्मजात लाँड्रीवाला." पाय आपटला की वळायचा. हाक त्याला कुणी मारतच नव्हतं, कारण तिथे कुणी कुणालाच मारत नव्हतं. दीड वर्षाचं पोर आमच्या रीतीने वागतंय म्हणून सगळ्या खूश. त्याच्या वागण्यात दुसरं काही असेल हे त्या हॉलमध्ये कुणाच्या डोक्यात येणार?

भोंगाच्या डोक्यात ते आलं सुटीच्या दिवशी, किराणा दुकानाच्या रांगेत. पुढे एक बाई, तिच्या कडेवर एक चिमुरडी, चाक्यापेक्षाही लहान. दुकानाच्या पत्र्यावर एक मांजर चढलं. पोरीने बोट केलं, "आं!" आणि मग वळून भोंगाच्या तोंडाकडे बघितलं. परत मांजराकडे, परत भोंगाकडे. तू बघितलंस का? बघ ना!

"हो गं बाई, मांजर!" भोंगा म्हणाली. अर्धी रांग दचकली, मांजर पळालं, पोरगी खदखदून हसली.

भोंगा दुकानातून रिकाम्या हाताने परत आली. काय घ्यायला गेली होती तेच विसरली. एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. आमचा चाक्या कधी बोट करत नाही. कधी काही आणून दाखवत नाही. आणि समोरच्याने बघितलं की नाही, हे तर तो कधीच बघत नाही.

मग ती त्याच्यावर लक्ष ठेवू लागली. बहिणीच्या घरी गेली की हाक मारून बघायची. भोंगाची हाक म्हणजे शेजारचं दार उघडतं. चाक्या मात्र चाकात. आधी 'पापा' म्हणायचा, 'बा' म्हणायचा, ते कधी थांबलं हे कुणाला आठवेना. टाटा करायला शिकवलं होतं, तेही गेलं. भोंगाने हिशेब मांडला आणि तिला उत्तर सापडलं: आमच्या हॉलने याचे कान खाल्ले.

आता यावर हसू नका. त्या हॉलमध्ये निम्म्या बायकांना कमी ऐकू येतं. काकूंना तर दाराची बेल ऐकू येत नाही, दारावर लाथ मारावी लागते. तेव्हा भोंगाचं उत्तर काही हवेतलं नव्हतं. शिवाय त्यात शत्रू होता. मालक होता, मॅनेजर होता, आवाज अडवायला कानात घालायचे बोळे मागूनही मिळाले नव्हते. ती पेटूनच उठली. पोराचे कान तपासायचे, कागद हातात घ्यायचा आणि मॅनेजरच्या टेबलावर आपटायचा. तिच्या चालण्यातच फरक पडला होता, मी पाहिलंय.

धाकटीच्या घरी तिने विषय काढला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "त्याचा बाप तरी कुठे बोलत होता? शाळेत जाईपर्यंत तोंडातून शब्द नाही. पुरुषांचं असंच असतं."

"त्याचा बाप अजून बोलत नाही," भोंगा म्हणाली, "म्हणून मी विचारतेय."

नवरा जेवत होता. तो खरंच काही बोलला नाही.

वस्तीतल्या बालरोगवाल्या डॉक्टरांनीही आधी 'थोडं थांबू' म्हटलं. भोंगा तिथे उभीच राहिली. शेवटी त्यांनी कानाच्या तपासणीची चिठ्ठी लिहून दिली, मला वाटतं दवाखाना शांत व्हावा म्हणूनच.

कान तपासायची खोली जाड भिंतींची होती. धाकटी पोराला मांडीवर घेऊन आत, भोंगा काचेबाहेर. डावीकडून बारीक आवाज, चाक्या वळला. उजवीकडून त्याहून बारीक, वळला. भोंगाला तो आवाज ऐकूही आला नाही, पोराची मान तेवढी दिसली. प्रत्येक वळण्याला धाकटीचा चेहरा उजळत गेला.

तपासणाऱ्या बाई बाहेर येऊन म्हणाल्या, "कान उत्तम आहेत. पण नावाने हाक मारली तेव्हा वळला नाही, आणि एवढ्या वेळात माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मुलांच्या वाढीचे तज्ज्ञ असतात, त्यांना दाखवून घ्या. मी घाबरवत नाही, पण थांबूही नका."

धाकटीला पहिलं वाक्य ऐकू आलं. पुढचं तिने ऐकलंच नाही असं मी म्हणणार नाही, पण ते तिने तिथेच सोडलं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पाऊल टाकताच तिने स्वतःचा कान ओढून दाखवला आणि अंगठा वर केला. काकूंनी टॉवेल हवेत उडवला. ड्रायरवाल्या बायका पाय आपटायला लागल्या, फरशी थरथरली आणि चाक्या वळून बघायला लागला तसा आणखीच आनंद. फक्त भोंगा टोक धरून तशीच उभी. धाकटीने येऊन समोरची टोकं धरली, दोघींच्या मध्ये चादर ताणलेली. धाकटीने ते बघितलं. एवढ्या वर्षांच्या सवयीत काय लपणार?

काम सुटल्यावर कपडे बदलायच्या खोलीत धाकटीने तिला गाठलं. "ताई, तुझं तोंड का पडलंय? सगळ्या हसतायत, तूच तेवढी सुतकात."

"त्या बाईंनी आणखीही काही सांगितलं."

"त्यांना कान बघायचे होते, कान बघितले. संपलं."

"कान चांगले आहेत ना? बारीक आवाजाला वळतो ना? मग माझ्या हाकेला का वळत नाही? तुझ्या का वळत नाही?"

"तुझ्या हाकेला घाबरत असेल!"

आजूबाजूला कुणी तरी हसलं. भोंगा हसली नाही. "मला वाटलं होतं कान असतील. कान असते तर मला बरं वाटलं असतं गं. मालकाला धरला असता. आता कुणाला धरू?"

"कुणालाच धरू नकोस. माझ्या पोराला तर मुळीच नको. आधी बहिरा म्हणालीस. बहिरा नाही निघाला तर आता काय, वेडा?"

"वेडा कोण म्हणालं?" हा 'वेडा' लोखंडी कपाटांच्या सगळ्या रांगांत फिरून आला. धाकटीचं तोंड पांढरं पडलं.

"तुला पोर नाही ना," ती म्हणाली, "म्हणून माझ्या पोरात खोट काढत बसलीयस."

भोंगाने चप्पल पायात घातली. "पोर नाही मला. डोळे आहेत."

दुसऱ्या दिवसापासून चाक्या कामावर येईनासा झाला. धाकटीने त्याला सासूबाईंकडे ठेवलं, गुडघ्यांसकट. भोंगाला घरी यायला बंदी. बंदी म्हणजे दाराला कुलूप नव्हे, ती आली की धाकटी पोराला घेऊन मागच्या खोलीत जायची आणि सासूबाई म्हणायच्या, "झोपलाय." भरदुपारी झोपलाय, संध्याकाळी झोपलाय. भोंगा दारातच म्हणायची, "एवढं झोपणारं पोर मी मॅनेजरशिवाय दुसरं पाहिलं नाही."

आणि तरी दिवसभर दोघी समोरासमोर. घडी कशी टळणार? बोलणं बंद, पण डोळ्याला डोळा द्यावाच लागतो. बघायचं, ओढायचं, सोडायचं, चालत जवळ यायचं, इतकं जवळ की श्वास लागावा, टोक हातात द्यायचं आणि परत मागे. मुकादम एकदा म्हणाला, "अशी भांडणं मला परवडतात, घड्या काय सुबक पडतायत." दोघींनी एकदम त्याच्याकडे असं बघितलं की तो बिचारा गोदामात निघून गेला.

मला बरेच जण म्हणाले, भोंगाने जरा गोडीत घ्यायला हवं होतं. गोडीत! गोडीत घेणारे सगळे होतेच की तिथे. 'होईल हळूहळू', 'मुलगे उशिराच बोलतात', 'मोबाइल दाखवत असाल', 'तुम्ही उगाच काळजी करता'. गोडीतच पोरांचे महिने जातात. शिकायचं वय असतं तेव्हा आपण आईला बरं वाटावं म्हणून खोटं बोलत बसतो, आणि त्याला माया म्हणतो. भोंगाला ती माया जमली नाही. तिने बहीण पणाला लावली. रागात तिची भाषा वाईट होती, तेही खरं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्यांतली एकही पुसायची नाही.

मग बॉयलरच्या तपासणीचा दिवस आला. बॉयलर थंड करायचा, सगळं बंद, पण हजेरी लावायची. यंत्रांतलं कापसाचं भुसकट काढा, फाटक्या चादरी शिवा. त्या दिवशी सासूबाईंना गुडघ्यांसाठी दवाखान्यात जायचं होतं, म्हणून धाकटीला पोराला आणावंच लागलं. आली आणि भोंगाकडे न बघता लांबच्या कोपऱ्यात बसली. चाक्याने आपली ट्रॉली शोधली.

हॉल शांत झाला की काय होतं हे बाहेरच्याला कळायचं नाही. बायका सवयीने पाय आपटतात, मनगटं धरतात, ओठ हलवतात, मग लक्षात येतं की अगं, बोलता येतंय! स्वतःच्याच आवाजाला बिचकून हसत सुटतात. काकू म्हणाल्या, "इतकी वर्षं ही मला बारीक आवाजाची वाटायची," आणि जिच्याबद्दल म्हणाल्या ती पुरुषी आवाजात "काकू, गप्प बसा" म्हणाली. हशा पिकला. त्या हशातच धाकटीने सुईदोरा बाजूला ठेवून पोराला हाक मारली. सहज. खाऊ द्यायचा होता.

"बाळा, ये."

चाक फिरत होतं.

तिने नावाने हाक मारली. त्या हॉलमध्ये ते नाव पहिल्यांदाच ऐकू आलं. ड्रायरच्या पत्र्यावर आपटून परत आलं. चाक्या ढिम्म. काकू म्हणाल्या, "खेळात आहे गं." पलीकडच्या टोकाला कुणी तरी ट्रॉली सरकवली, तिचं चाक बारीकसं कुरकुरलं. चाक्याने झटकन मान वळवली. तिकडे बघितलं, आणि परत आपल्या चाकाकडे.

आता कुणीच हसत नव्हतं. धाकटी उठली. जवळ जाऊन हाक मारली. अजून जवळ. मग गुडघ्यांवर बसली आणि आपलं तोंड पोराच्या तोंडासमोर नेलं, जसं ती घडी घालताना बहिणीसमोर नेते तसं, श्वास लागेल इतकं. नाव घेतलं. चाक्याने मान थोडी तिरकी केली, तिच्या गालापलीकडून चाक दिसेल एवढी. रागावला नाही, घाबरला नाही. तिचा चेहरा त्याच्या वाटेत आला होता, एवढंच.

मुकादम म्हणाला, "असू दे, असतात मुलं अशी."

धाकटी ताडकन वळली. "काय बघताय सगळे? कामं नाहीत?"

सगळ्यांच्या माना खाली गेल्या. काकूंनी भोंगाला कोपराने ढोसलं, जा की तिच्याकडे. भोंगा हलली नाही. यंत्रातलं भुसकट ओढत राहिली, डोळ्यांत गेलं म्हणून डोळे पुसले. बहिणीला तिने वाढवलेलं होतं. हिला आता कुणी हात लावला तर ही मोडेल, हे तिला ठाऊक होतं. आणि 'मी सांगितलं होतं' हे तिने तेव्हाही म्हटलं नाही, नंतरही नाही. भोंगाच्या तोंडून न निघालेलं बहुधा ते एकमेव वाक्य.

दुसऱ्या दिवशी बॉयलर पेटला. धडधड सुरू. दोघी समोरासमोर. चादर ताणली, टोकं जुळवायला जवळ आल्या, आणि धाकटीचे ओठ हलले.

"कधी?"

भोंगाच्या हातून टोक सुटलं. हॉलच्या इतिहासात पहिल्यांदाच. तिने ते उचललं, झटकलं आणि ओठांनीच म्हणाली, "मी बघते."

तज्ज्ञांच्या दवाखान्यात तारीख लांबची मिळत होती. भोंगा कामाआधी रोज तिथे जाऊन खिडकीसमोर उभी राहायची. रांग तिने मोडली नाही. फक्त, कुणाची तारीख रद्द झाली की खिडकीतल्या बाईला समोर तिचंच तोंड दिसायचं. तारीख अलीकडे आली.

निघायच्या दिवशी सासूबाई दारात. "पोरावर शिक्का बसेल. शाळेत कोण घेईल? चार लोकांत काय सांगायचं आम्ही?"

धाकटी पिशवी भरत होती. भोंगा तोंड उघडणार एवढ्यात मागून चाव्यांचा आवाज आला. "आई," नवरा म्हणाला, "मी गाडी काढतोय." एवढंच बोलला. पण बोलला.

डॉक्टरीणबाई फरशीवरच बसल्या होत्या, समोर खेळणी. चाक्याशी बराच वेळ खेळल्या, किंवा खेळायचा प्रयत्न केला. मध्ये मध्ये प्रश्न. बोट दाखवतो का? काही हवं असेल तर काय करतो?

"हात धरून नेतो," भोंगा लगेच म्हणाली. "पण ते आम्ही सगळ्याच नेतो. आमच्या कामावर तशीच रीत आहे. ते त्याने आमच्याकडूनच उचललंय."

"तुम्ही कुणाचा हात धरून नेता तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघता?"

"म्हणजे काय? बघितल्याशिवाय कळणार कसं?"

"तो बघतो?"

दोघी बहिणींनी एकमेकींकडे बघितलं. हॉलमधल्या प्रत्येकीचं मनगट त्याने धरलेलं होतं. एकीच्याही तोंडाकडे त्याने वर बघितलेलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी आडवळण घेतलं नाही. "ऑटिझमची सुरुवातीची लक्षणं असू शकतात. आज मी नक्की म्हणत नाही. लहान आहे, अजून तपासण्या करायच्या आहेत, पुन्हा बघायचं आहे. पण नक्की होईपर्यंत हात बांधून बसायचं नाही. शिकवायला आजपासून सुरुवात."

"मी कामावर नेला म्हणून?" धाकटीने विचारलं. "मशीनच्या आवाजाने?"

"नाही. तुमच्यामुळे नाही, मशीनमुळे नाही, मोबाइलमुळेही नाही."

"मग कुणामुळे?" भोंगा म्हणाली.

"कुणामुळेच नाही."

भोंगा उभी राहिली. जन्मभर तिने प्रत्येक दुखण्याला मालक शोधला होता आणि बहुतेक वेळा तो सापडलाही होता. "असं कसं कुणामुळेच नाही? आणि बरा कधी होणार? ते सांगा."

"हा आजार नाही, बरा व्हायला. त्याची जग बघायची तऱ्हा वेगळी असू शकते. त्याला आपल्यापर्यंत यायला वाट करून द्यायची, आणि आपणही त्याच्यापर्यंत जायचं."

"ही काय उत्तरं झाली? मी—"

"ताई, बस," धाकटी म्हणाली. "इथे भांडायला कुणी नाहीये. ऐक."

आणि भोंगा बसली. मग दोघींनी ऐकलं. त्याचं चाक हिसकायचं नाही, शेजारी बसून आपणही फिरवायचं. मध्येच थांबायचं, वाट बघायची. नळावर हात ठेवला तर लगेच पाणी सोडायचं नाही; खाली वाकायचं, समोर यायचं, क्षणभर थांबायचं, 'पाणी' म्हणायचं आणि मग सोडायचं. रोज, न कंटाळता. धाकटी पुन्हा पुन्हा विचारून घेत होती. भोंगा फरशीवर पोटावर आडवी झाली होती, एवढी मोठी बाई, आणि चाक्यासमोर एक खेळण्यातली गाडी उलटी करून चाक फिरवत होती. तिने चाक थांबवलं. चाक्या थांबला. तिने परत फिरवलं. काही झालं नाही. तिने परत थांबवलं.

घरी परतले तेव्हा जिन्यात खालच्या मजल्यावरच्या बाई भाजीची पिशवी घेऊन चढत होत्या. वर दारात सासूबाई उभ्या.

"काय, झाली का लस टोचून?" बाईंनी विचारलं. "आजी म्हणत होत्या सकाळी, लस द्यायला नेलंय म्हणून. रडला का फार?"

सासूबाईंनी वरून डोळ्यांनी खूण केली. हो म्हण. मोकळी हो.

भोंगाने श्वास घेतला, पण धाकटी पुढे होती.

"लस नव्हती. मुलांच्या वाढीच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. ह्याला ऑटिझम असू शकतो. अजून नक्की नाही. दर आठवड्याला शिकायला जायचंय."

बाईंची पिशवी हातातच राहिली. "अगंबाई! म्हणजे काय गं? काही वाईट?"

"वाईट काही नाही. त्याला लांबून हाक मारू नका, तो वळत नाही. समोर या, खाली बसा, त्याच्या उंचीला, आणि मग बोला."

"आत्ता?"

"आत्ता. का, भाजी वितळतेय?"

बाई चक्क पायरीवर बसल्या. चाक्याने त्यांच्याकडे बघितलं नाही. पिशवीचा बंद तेवढा हातात घेऊन तो पिळू लागला, सोडू लागला, पिळू लागला. बाई काय बोलावं ते न सुचून त्याच्याबरोबर बंद पिळू लागल्या. भोंगा दोन पायऱ्या खाली उभी राहून बहिणीकडे बघत होती. या मुलीला मीच वाढवलं का, असं काहीसं तिच्या तोंडावर होतं.

"आत या आता," सासूबाई वरून हळूच म्हणाल्या. "दार उघडं आहे, सगळ्या बिल्डिंगला ऐकू जातंय."

"राहू द्या उघडं," धाकटी म्हणाली, आणि पोराशेजारी पायरीवर बसली.